सॉर्टेज-एची रचना कशी वाचावी: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू आपली पृष्ठप्रथिने पेशीभित्तिकेला सहसंयुज बंधाने जोडून ठेवतो. हे जोडकाम सॉर्टेज-ए नावाचे विकर (एन्झाइम) करते. त्याचा जनुक नसलेले जीवाणू प्राण्यांमधील प्रयोगांत कमी घातक ठरतात, म्हणून औषध शोधणाऱ्यांचे त्याच्याकडे लक्ष आहे. दुसरीकडे, प्रथिनांना हवे ते लेबल चिकटवण्याचे साधन म्हणून ते प्रयोगशाळांमध्ये रोज वापरले जाते. दोन्ही कामांत रचना समजल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नवशिके बहुधा रचना, म्हणजे रेणूतल्या अणूंच्या जागांची फाइल, उघडतात, साखळीच्या पट्ट्यांचे पिंपासारखे सुंदर बॅरल पाहतात, चित्र काढतात आणि थांबतात. या विकराचे खरे काम बॅरलच्या काठावरच्या लूपमध्ये, म्हणजे साखळीच्या लवचिक वळशांत, चालते, आणि ते लूप एका रचनेत जसे दिसतात तसे दुसरीत दिसत नाहीत. म्हणून इथे एकाच फायलीवर न थांबता तीन-चार फायली ठरावीक क्रमाने पाहायच्या आहेत. लागणारे साहित्य: इंटरनेट, साधा लॅपटॉप, चाक असलेला माउस आणि रेणूंची त्रिमितीय चित्रे दाखवणारा कायमेरा-एक्स हा प्रोग्राम. बिगर-व्यावसायिक वापरासाठी तो मोफत आहे. पायमॉल या तशाच प्रोग्रामची सवय असेल तर तेही चालेल, फक्त मेनूंची नावे वेगळी असतील.

आधी रसायन, मग चित्र

पृष्ठप्रथिनाच्या शेपटाकडे पाच अमिनो आम्लांची खूण असते: ल्युसीन, प्रोलीन, कोणतेही एक, थ्रिओनीन, ग्लायसीन. एकाक्षरी लिपीत एलपीएक्सटीजी. तिच्यामागे जलविरोधी पट्टा आणि टोकाला धनभारित अमिनो आम्ले असतात, त्यामुळे प्रथिन पटलापाशी अडकून राहते. सॉर्टेज-ए थ्रिओनीन आणि ग्लायसीन यांच्यामधला पेप्टाइड बंध तोडते. मात्र तुटलेला तुकडा ते लगेच सोडत नाही. विकराच्या 184व्या सिस्टीनमधले गंधक थ्रिओनीनच्या कार्बोनिल कार्बनला धरून ठेवते आणि थायोएस्टर तयार होतो. मग लिपिड-2 या भित्तिकेच्या कच्च्या घटकावरची पाच ग्लायसीनची शाखा आपल्या मोकळ्या अमिनो टोकाने त्या कार्बनवर हल्ला करते, आणि प्रथिन तिच्यावर जाऊन बसते. या कामाला एटीपी लागत नाही, कारण तुटलेल्या बंधाची ऊर्जा थायोएस्टरमध्ये राखून ठेवलेली असते.

हा क्रम कागदावर एकदा स्वतः काढा. पुढे प्रत्येक रचनेपुढे एकच प्रश्न विचारायचा आहे: ही या क्रमातली कोणती अवस्था?

पूर्ण विकर 206 अमिनो आम्लांचे आहे. सुरुवातीचा भाग पटलात रुतलेला असतो आणि उत्प्रेरक भाग पेशीच्या बाहेरच्या अंगाला असतो. रचनेसाठी पटलातला तुकडा कापून 60 ते 206 एवढाच भाग तयार करतात, कारण तो पाण्यात विरघळतो. फायलीत 1 ते 59 सापडले नाहीत म्हणून फाइल अपुरी आहे असे समजू नका. उरलेल्यांचे क्रमांक मूळ प्रथिनाचेच ठेवलेले असतात, त्यामुळे शोधनिबंधातला 184 हा फायलीतही 184च असतो. स्वतःच्या प्लाझ्मिडमधल्या क्रमाशी तुलना करताना मात्र शुद्धीकरणासाठी जोडलेल्या हिस्टिडीन-टॅगमुळे क्रमांक सरकतात. उत्परिवर्तनाचे प्रायमर मागवण्यापूर्वी हे तपासाच.

कोणत्या फायली, कोणत्या क्रमाने

प्रथिनांच्या रचनांचा संग्रह असलेल्या प्रोटीन डेटा बँकेत सॉर्टेजच्या बऱ्याच रचना आहेत. सुरुवातीला या चार पुरतात. शोधताना अक्षरे अर्थात रोमन लिपीत टाकायची.

1आयजेए: 2001ची एनएमआर रचना (द्रावणातल्या रेणूच्या चुंबकीय मोजमापांवरून काढलेली), कोणत्याही सॉर्टेजची पहिली.
1टी2पी: 2004ची स्फटिक-रचना, विभेदन (तपशिलाची बारकाई, आकडा लहान तितकी चांगली) 2.0 अँगस्ट्रॉम, पेप्टाइडशिवाय.
1टी2डब्ल्यू: त्याच अभ्यासातली, विभेदन 1.8 अँगस्ट्रॉम, 184च्या सिस्टीनजागी ॲलानिन आणि सोबत एलपीईटीजी पेप्टाइड.
2केआयडी: 2009ची एनएमआर रचना, खुणेचा नकली तुकडा विकराला सहसंयुज बंधाने जोडलेला, शिवाय कॅल्शियम.

आकडेवारीच्या मोहाने थेट 1टी2डब्ल्यू उघडू नका. विभेदन सर्वांत चांगले असले, तरी खूण विकरात कशी बसते हे शिकण्यासाठी ती पहिली निवड नाही. कारण पुढे येईल.

पायरी 1: बॅरल आणि त्यावरची खाच

फाइल मेनूतून 'फेच बाय आयडी' निवडून 1टी2पी आणा. पडद्यावर तीन रेणू दिसतील: साखळ्या ए, बी आणि सी. सॉर्टेज तीन-तीनच्या गटाने काम करते असा याचा अर्थ नाही. स्फटिकाच्या एका एककात तीन रेणू बसले, एवढेच. 'सिलेक्ट' मेनूतून बी आणि सी साखळ्या निवडून 'ॲक्शन्स'मधून त्यांचे कार्टून (साखळीचे पट्ट्यांच्या रूपातले चित्र) आणि अणू दोन्ही लपवा. फक्त कार्टून लपवले तर पाण्याचे आणि बाजूसाखळ्यांचे ठिपके मागे राहतात आणि पुढे निवड करताना घोटाळा होतो.

आता एकट्या ए साखळीकडे पाहा. आठ बीटा-स्ट्रँडांचे (ताणलेल्या पट्ट्यांचे) बॅरल, आणि भोवती लहान हेलिक्स (स्प्रिंगसारखी वळणे) व लूप. या घडणीला सॉर्टेज-घडण म्हणतात आणि सॉर्टेजच्या सगळ्या वर्गांत ती ओळखू येते. 'टूल्स'मधून सीक्वेन्स व्ह्यूअर उघडा आणि क्रमावर माउस ओढत स्ट्रँड एकेक करून रंगवा. सगळे आठ लक्षात ठेवायची गरज नाही. बीटा-4 आणि बीटा-7 हे दोन पक्के ओळखा, कारण क्रियास्थळाच्या खाचेचा तळ त्यांचा आहे. मग भिंती शोधा: बीटा-6 आणि बीटा-7 यांना जोडणारा लांब लूप, आणि बीटा-7 व बीटा-8 यांच्यामधला लूप. या दोघांना दोन ठळक रंग द्या आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. बॅरल फिकट करडे करा. पुढचे सगळे वाचन या रंगांवर चालेल.

पायरी 2: तीन अमिनो आम्ले आणि त्यांच्यातले अंतर

क्रम-खिडकीत हिस्टिडीन 120, सिस्टीन 184 आणि आर्जिनीन 197 निवडा आणि 'ॲक्शन्स'मधून त्यांचे अणू दाखवा. सिस्टीन बीटा-7च्या शेवटी आणि आर्जिनीन बीटा-8वर आहे, म्हणजे बीटा-7/बीटा-8 लूप नेमका या दोघांच्या मधे येतो. सिस्टीनऐवजी ॲलानिन घातले तर क्रिया थांबते, हिस्टिडीनचेही तसेच. आर्जिनीन बदलल्यावरही क्रिया फार घसरते.

आता अंतर मोजा. कंट्रोल दाबून सिस्टीनच्या गंधकावर क्लिक करा, मग कंट्रोल आणि शिफ्ट दाबून हिस्टिडीनच्या वलयातल्या जवळच्या नायट्रोजनवर. 'टूल्स'मध्ये 'स्ट्रक्चर ॲनालिसिस'खाली 'डिस्टन्सेस' उघडून 'क्रिएट' दाबा. कार्टूनवर क्लिक झाले तर अख्खे अमिनो आम्ल निवडले जाते आणि अंतर निघत नाही. त्यासाठी अणूवरच क्लिक झाले पाहिजे.

आकडा हायड्रोजन बंधाच्या साधारण साडेतीन अँगस्ट्रॉमच्या मर्यादेपेक्षा बराच मोठा येतो. पपेनसारखी सिस्टीन-प्रोटिएज विकरे शिकलेल्यांना हे खटकते. पपेनमध्ये सिस्टीन आणि हिस्टिडीन एकमेकांना खेटून असतात आणि प्रोटॉनची देवाणघेवाण आधीच झालेली असते. सॉर्टेज-एमध्ये तसे नाही. सिस्टीनचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंवरचा प्रोटॉन सुटलेला असतो) साधारण 9.4 आणि हिस्टिडीनचा साधारण 6.3 मोजला गेला आहे, म्हणजे शरीराच्या पीएचला बहुतेक रेणूंत सिस्टीनवर प्रोटॉन असतो आणि हिस्टिडीनवर नसतो. क्रियेला लागते नेमके उलटे: ऋणभारित गंधक आणि धनभारित हिस्टिडीन. गतिकीच्या अभ्यासातून असे दिसले की कोणत्याही क्षणी जेमतेम 0.06 टक्के रेणू या तयार अवस्थेत असतात. सॉर्टेज-ए संथ का, याचे मोठे कारण हेच. मोजलेले अंतर 'चुकीचे' वाटले म्हणून बाजूसाखळ्या हाताने फिरवून जवळ आणू नका. डॉकिंग, म्हणजे संगणकावर लहान रेणू विकरात बसवून पाहणे, करणारे नवखे लोक हे सर्रास करतात आणि मग प्रत्येक रेणू उत्तम बसलेला दिसतो.

पायरी 3: 2केआयडी, इथे सर्वांत जास्त वेळ द्या

2केआयडी उघडताच पडद्यावर गुंता दिसेल. ही एनएमआर रचना आहे, म्हणून प्रयोगातल्या मोजमापांशी जुळणारी अनेक मॉडेले एकाच फायलीत असतात. आधी गुंता नीट न्याहाळा: बॅरलच्या ठिकाणी सगळी मॉडेले एकमेकांवर घट्ट बसतात, टोके आणि काही लूप पसरतात. हा पसारा काही अंशी खऱ्या हालचालीचा असतो, काही अंशी मोजमापे कमी मिळाल्याचा. चित्रावरून दोन्हींतला फरक सांगता येत नाही. मग 'मॉडेल्स' पट्टीत पहिले मॉडेल ठेवून बाकीच्यांची डोळ्याची खूण काढा. एनएमआर फायलीत हायड्रोजनही असतात. तेही लपवले की चित्र वाचण्याजोगे होते.

पहिला अडथळा कॅल्शियमचा. कॅल्शियमचे चिन्ह 'सीए' आहे, आणि प्रत्येक अमिनो आम्लातल्या अल्फा-कार्बन अणूचे नावही फायलीत 'सीए'च असते. अणूच्या नावाने शोधले तर कणाभर आयनाऐवजी साखळीचा अख्खा कणा निवडला जातो. म्हणून 'सिलेक्ट' मेनूतल्या 'रेसिड्यूज' यादीतून सीए निवडा, अणूच्या यादीतून नाही. आता 'सिलेक्ट'मधल्या 'झोन'ने त्याच्या पाच अँगस्ट्रॉमच्या परिघातली अमिनो आम्ले काढा. बीटा-3/बीटा-4 लूपवरची ग्लुटामेट 105, ग्लुटामेट 108, ॲस्पार्टेट 112 आणि बीटा-6/बीटा-7 लूपवरची ग्लुटामेट 171 यांवर लक्ष ठेवा. पहिली तीन एका बाजूची आहेत आणि 171 समोरच्या लूपवरून येते. कॅल्शियम अशा रीतीने दोन लूपना एकत्र धरते, बीटा-6/बीटा-7 लूपची हालचाल मंदावते आणि खूण बसायला जागा घडते. कॅल्शियममुळे क्रिया सुमारे आठपट वाढते. आयन क्रियास्थळाला शिवतही नाही, तरी लूपमार्फत एवढा फरक पाडतो.

दुसरा अडथळा नकली खुणेचा. तिच्या थ्रिओनीनमध्ये कार्बोनिल गटाच्या जागी गंधक असलेला गट बसवला आहे, म्हणजे 184च्या सिस्टीनशी डायसल्फाइड बंध तयार होऊन अवस्था गोठते. चित्रात तुम्हाला गंधक-गंधक बंध दिसेल, लांबी सुमारे 2 अँगस्ट्रॉम. क्रियेतल्या खऱ्या मधल्या अवस्थेत, म्हणजे थायोएस्टरमध्ये, गंधक एकच असते आणि त्यापुढे थेट कार्बन. थायोएस्टरचे मॉडेल बनवायचे असेल तर 2केआयडी तशीच उचलून चालणार नाही. जादा गंधक काढून बंध नव्याने बांधावा लागतो. हे नकली थ्रिओनीन प्रमाण अमिनो आम्ल नसल्यामुळे क्रम-खिडकीत ओळखीच्या अक्षराने दिसत नाही. ते गायब आहे असे समजू नका, सिस्टीनच्या गंधकापासून बंध धरत मागे जा.

आता खूण स्वतः वाचा. प्रोलीनपाशी ती कोनात वळते. खाचेचा आकारही तसाच वाकलेला आहे, म्हणून प्रोलीन बदलले की खूण चालत नाही. ल्युसीन आणि प्रोलीन जलविरोधी कप्प्यात दडलेले असतात. भोवतालची व्हॅलिन 168, ल्युसीन 169 आणि आयसोल्युसीन 182 पाहा. तिसऱ्या जागेवरच्या अमिनो आम्लाची बाजूसाखळी मात्र बाहेर, पाण्याकडे तोंड करून आहे. खुणेत तिथे 'कोणतेही' का चालते, याचे उत्तर हे एक दृश्य देते. पृष्ठभाग दाखवून आणि चित्र फिरवून ते स्वतः पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी 4: दोन्ही रचना एकमेकांवर ठेवा

1टी2पीची ए साखळी आणि 2केआयडीचे पहिले मॉडेल 'मॅचमेकर'ने जुळवा. लॉगमध्ये सरासरी विचलनाचे दोन आकडे येतात. पहिला फक्त 'छाटलेल्या' जोड्यांचा असतो: प्रोग्राम एकमेकांपासून 2 अँगस्ट्रॉमपेक्षा दूर असलेल्या जोड्या टप्प्याटप्प्याने वगळतो आणि उरलेल्यांवर जुळवणी करतो. दुसरा आकडा सर्व जोड्यांचा. नवशिके पहिला लहान आकडा लिहून 'रचना सारख्याच आहेत' असा निष्कर्ष काढतात. इथे वगळला जातो तो बहुतांशी हललेल्या लूपचाच भाग, म्हणजे आपल्याला जे पाहायचे आहे तेच. दोन्ही आकडे नोंदवा आणि मग रंगवलेले लूप डोळ्यांनी तपासा.

बीटा-6/बीटा-7 लूप पेप्टाइडशिवाय सैल, उघडा असतो. खूण बसल्यावर तो तिच्यावर मिटतो आणि त्याच्या एका भागाला लहान हेलिक्सचे वळण येते. बीटा-7/बीटा-8 लूप उलट बाजूला सरकतो आणि एक नवी खाच मोकळी होते. पाच ग्लायसीनची शाखा बहुधा तिथून आत येते. म्हणजे पहिली वस्तू बसल्याखेरीज दुसरीसाठी वाट तयार होत नाही. प्रतिबंधक रेणू शोधताना फक्त 1टी2पीवर डॉकिंग केले तर विकर प्रत्यक्ष कामात जो आकार घेते तो संगणकाला कधी दिसतच नाही.

आता 1टी2डब्ल्यू उघडून त्यातले पेप्टाइड 2केआयडीतल्या खुणेशी ताडा. दोन्हीकडे बसण्याची पद्धत जुळत नाही. स्फटिकात सिस्टीन मुळात नाहीच, ॲलानिन आहे, आणि पेप्टाइड सहसंयुज बंधाने धरलेले नाही. 2009च्या कामानंतर क्रियेच्या दृष्टीने 2केआयडीला जास्त वजन दिले जाते, आणि ते योग्य आहे. विभेदनाचा आकडा अणूंच्या जागा किती काटेकोर आहेत ते सांगतो. ती अवस्था क्रियेतली आहे की नाही, हे तो सांगत नाही.

अल्फाफोल्ड या प्रोग्रामने क्रमावरून केलेले रचनेचे भाकीत वापरणार असाल तर आणखी एक खबरदारी. स्फटिक-फायलीत ज्या रकान्यात तापमान-घटक असतो, त्याच रकान्यात तिथे भाकिताच्या खात्रीचा गुण असतो. स्फटिकात मोठा आकडा म्हणजे अस्थिर भाग. भाकितात मोठा आकडा म्हणजे खात्रीचा भाग. एकाच रंगपट्टीने दोन्ही रंगवले तर अर्थ उलटा होतो. डेटाबेसमधल्या या भाकितात कॅल्शियम नसते आणि पेप्टाइडही नसते.

पायरी 5: रचनेवरून परीक्षानळीकडे

प्रयोगात बिघडणाऱ्या बहुतेक गोष्टींची कारणे वर पाहिलेल्या चित्रात आहेत. नेहमीचा बफर 50 मिलीमोलर ट्रिस, पीएच 7.5, 150 मिलीमोलर मीठ आणि 10 मिलीमोलर कॅल्शियम क्लोराइड असा असतो. विकराची कॅल्शियमवरची पकड मिलीमोलर पातळीची, म्हणजे सैल आहे, म्हणून एवढे कॅल्शियम लागते. फॉस्फेट बफर वापरला तर कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो आणि क्रिया मंदावते. शुद्धीकरणानंतर प्रथिनात ईडीटीए उरले असेल तर तेही कॅल्शियम पकडून बसते. आधी डायलिसिस करा.

प्रथिनाच्या शेवटी खूण जोडताना एलपीईटीजीवर न थांबता आणखी एक ग्लायसीन ठेवा. ग्लायसीनवरच साखळी संपली तर मोकळा कार्बॉक्सिल गट तुटणाऱ्या बंधाला फार जवळ येतो आणि क्रिया खालावते. दुसऱ्या प्रथिनाचे अमिनो टोक ग्लायसीननेच सुरू व्हायला हवे. ई. कोलायमध्ये आरंभीच्या मेथिओनीनपाठोपाठ ग्लायसीन असेल तर मेथिओनीन बहुधा कापले जाते, तरी मास स्पेक्ट्रोमेट्रीने खात्री करून घ्या. मेथिओनीन राहिले तर हल्ला करायला ग्लायसीनचे अमिनो टोक मोकळेच नसते. मग थायोएस्टरवर पाणी हल्ला करते, आणि जोडलेल्या प्रथिनाऐवजी थ्रिओनीनशी संपणारा तुकडा हाती येतो. जोडणी यशस्वी झाली तरी जोडावर पुन्हा एलपीईटीजी तयार होते, म्हणजे विकर ते परत तोडू शकते. म्हणून ग्लायसीनवाला भागीदार भरपूर जास्त घ्या आणि प्रक्रिया रात्रभर तशीच सोडण्याऐवजी ठरावीक वेळांनी नमुने काढून जेलवर पाहा.

मूळ विकराचा एलपीईटीजीसाठीचा केएम (निम्मा कमाल वेग गाठायला लागणारे प्रमाण) 7.6 मिलीमोलर मोजला आहे, म्हणजे पकड कमकुवत. 2011 मध्ये निर्देशित उत्क्रांतीने (अनेक बदललेली रूपे बनवून चांगली निवडत जाण्याच्या पद्धतीने) पाच बदलांचे विकर तयार झाले: प्रोलीन 94 जागी आर्जिनीन, ॲस्पार्टेट 160 जागी ॲस्पॅराजिन, ॲस्पार्टेट 165 जागी ॲलानिन, लायसिन 190 जागी ग्लुटामेट, लायसिन 196 जागी थ्रिओनीन. त्याचा केएम 0.23 मिलीमोलर आहे आणि एकूण कार्यक्षमता शंभर पटींहून जास्त. ही पाच ठिकाणे 2केआयडीवर रंगवा. 160 आणि 165 बीटा-6/बीटा-7 लूपकडे, 190 आणि 196 बीटा-7/बीटा-8 लूपवर, 94 पहिल्या हेलिक्सच्या तोंडाशी. बॅरलच्या गाभ्यात एकही नाही आणि उत्प्रेरक तिघांपैकीही कोणी नाही. सुधारणेला वाव लूपमध्ये होता.

कॅल्शियम टाळायचेच असेल, उदाहरणार्थ पेशींच्या आत काम करायचे असेल, तर 105 जागी लायसिन आणि 108 जागी ॲलानिन घातलेली रूपे आहेत. 105च्या बाजूसाखळीचे टोक कुठे पोहोचते ते पाहा: जिथे कॅल्शियमचा धनभार होता, तिथे आता लायसिनचा येतो. तुलनेसाठी स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिसच्या सॉर्टेज-एची 3एफएन5 ही रचना आणा. त्या विकराला कॅल्शियम लागत नाही. त्याची उत्प्रेरक जागा हिस्टिडीन 142, सिस्टीन 208 आणि आर्जिनीन 216 अशी आहे, म्हणून क्रमांकाने शोधू नका, जुळवणी करून शोधा. त्या जीवाणूच्या भित्तिकेतला दुवा ॲलानिनचा असतो आणि त्याचे सॉर्टेज ॲलानिनने सुरू होणारा भागीदारही स्वीकारते. एकाच प्रथिनाला दोन वेगवेगळी लेबले लावायची असतील तर ही दोन विकरे एकापाठोपाठ वापरतात. अशा वेळी पायोजेनिसचे विकर आधी वापरा आणि त्या टोकाची खूण ॲलानिनने संपणारी, एलपीईटीए, ठेवा. ऑरियसचे विकर ती खूण जवळपास तोडत नाही, त्यामुळे दुसऱ्या फेरीत पहिले लेबल शाबूत राहते.